कलामहोत्सवात जागेवर बसून चित्र रंगवताना

घरातल्या टेबलावर चांगलं काम करणारी माणसं बाहेर पहिल्यांदा बसली की गांगरतात, आणि त्याचं कारण हात कच्चा असणं हे क्वचितच असतं. समोर एकदम फार काही असतं. झाडं, इमारती, मांडव, येणारी-जाणारी माणसं, वर बदलतं आकाश. आणि यातलं काहीच तुमच्यासाठी थांबत नाही. सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो. दोन तासांच्या चित्रात तो ३० अंश पुढे गेलेला असतो आणि ज्या सावल्या बघून तुम्ही जागा निवडली, त्या केव्हाच दुसरीकडे गेलेल्या असतात. म्हणून बाहेर बसल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे लवकर ठरवणं: काय घ्यायचं, काय सोडायचं आणि कोणत्या वेळेचा उजेड शेवटपर्यंत धरून ठेवायचा. एवढं ठरलं की रंगवणं बरंच सोपं होतं.

आधी नियम वाचा

महोत्सवातलं स्थळचित्रण साधारण दोन प्रकारचं असतं. एकात ठरवून दिलेल्या परिसरात कुठेही बसून एक किंवा अनेक दिवस चित्रं काढायची आणि शेवटी प्रदर्शनात लावायची. दुसऱ्यात सगळ्यांनी एकाच वेळी सुरुवात करून ठरलेल्या वेळेत, बहुधा दोन-तीन तासांत, चित्र हातावेगळं करायचं. दोन्हींची तयारी वेगळी असते. पहिल्यात तुम्ही आदल्या दिवशी फिरून जागा हेरून ठेवू शकता, दुसऱ्यात छोटा कागद आणि कमी सामान हेच शहाणपणाचं.

अनेक ठिकाणी नोंदणीच्या टेबलावर कोऱ्या कागदाच्या किंवा कॅनव्हासच्या मागे शिक्का मारून देतात, म्हणजे चित्र तिथेच सुरू झालं याची खात्री राहते. असा नियम असेल तर दोन-तीन कोरे कागद न्या आणि जमत असेल तर सगळ्यांवर शिक्का घ्या. एकच शिक्क्याचा कागद हातात असला की माणूस जपून जपून रंगवतो आणि ते चित्रात दिसतं. कॅनव्हासवर आधी रंगाचा पातळ थर दिलेला चालतो का, फोटो बघून काम पूर्ण करता येतं का, हद्द कुठपर्यंत आहे, चित्र फ्रेम करून द्यायचं का, मागे तार किंवा हूक लागतो का, ओलं तैलचित्र घेतात का, हे प्रश्न आधीच विचारून घ्या. खाजगी आवारात किंवा एखाद्या दुकानाच्या दारात बसायचं असेल तर मालकाला विचारायचं, मग महोत्सवाची परवानगी असली तरी.

सामान

माध्यम तेच न्या जे तुम्ही घरी वापरता. नव्या माध्यमाशी ओळख करून घ्यायला महोत्सवाचा दिवस ही चुकीची वेळ आहे. प्रत्येक माध्यम सुकताना आपला स्वभाव दाखवतं. जलरंग सुकल्यावर फिकट होतो, ॲक्रिलिक थोडं गडद होतं, आणि पोस्टर कलर किंवा गॉशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) गडद छटा सुकून फिकट होतात तर फिकट छटा किंचित गडद. हे अंगवळणी पडलेलं असेल तरच भर उन्हात घाईत अंदाज चुकत नाही. तैलरंग ओले राहतात, त्यामुळे ते घेऊन जाणार असाल तर ओलं चित्र कशालाही न टेकता परत आणायची सोय आधी करा. खोल कडा असलेला खोका आणि कोपऱ्यांत लावायचे लाकडी ठोकळे एवढ्यानेही भागतं.

आकाराबद्दल माझा आग्रह आहे. जलरंगाच्या कागदाची पूर्ण शीट २२×३० इंचांची असते, पाव शीट ११×१५ इंचांची. पहिल्यांदा जाणाऱ्याने पाव शीटच्याही अर्ध्यावर, म्हणजे साधारण साडेसात बाय अकरा इंचांवर काम करावं. बोर्ड किंवा कॅनव्हास असेल तर आठ बाय दहा. इतक्या जागेवर मोठ्या ब्रशने अर्ध्या तासात सगळा कागद झाकून होतो, आणि कागद झाकलेला असला की मन स्थिर होतं. अर्धी शीट घेऊन बसलेला नवखा दीड तासानंतरही एका कोपऱ्यातल्या खिडक्या रंगवत असतो. जलरंगाला ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. त्याहून पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि रंगाची डबकी साचतात.

रंग कमी न्या. अल्ट्रामरीन ब्लू, एखादा थंड निळा, लेमन यलो, यलो ऑकर, एक उजळ लाल, ॲलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, आणि माध्यमाला लागत असेल तर पांढरा. एवढ्यात जवळजवळ सगळं बसतं. काळा नेला नाही तरी चालतो, कारण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की घट्ट, जिवंत काळसर रंग मिळतो. निळा जास्त झाला तर थंड, सिएना जास्त झाला तर उबदार. पाणी वाढवलं की सुंदर राखाडी. ट्यूबमधला तयार हिरवा मात्र शक्यतो घरीच ठेवा. झाडाला तो तसाच लावला की प्लास्टिकचं पान दिसतं. अल्ट्रामरीनमध्ये यलो ऑकर घालून आणि त्यात कणभर लाल टाकून केलेला हिरवा डोळ्याला खरा वाटतो. ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर ती मोडा. कॅडमियमसारखी रंगद्रव्यं पोटात जायला नकोत.

रंगांच्या ट्यूबा आपण सहज पिशवीत टाकतो, पण पत्र्याच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने घेतलं ते १८४१ साली. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. वापरायचा तेव्हा पिशवीला भोक पाडायचं, आणि ते पुन्हा नीट बंद होत नसे. ट्यूब आल्यावर तैलरंग घेऊन शेतात, नदीकाठी जाऊन बसणं सोपं झालं आणि पुढच्या पिढीतल्या चित्रकारांनी त्याचा मनमुराद फायदा घेतला. हलकं सामान हा बाहेरच्या चित्रकलेचा पायाच आहे. घरातलं सगळं उचलून नेण्याचा मोह होईल तेव्हा हे आठवा.

बाकीचं पटकन सांगतो. एक मोठा चपटा ब्रश, एक मध्यम गोल, एक बारीक. पाण्याची दोन भांडी, एक धुवायला आणि एक स्वच्छ. कागद चिकटवायला मास्किंग टेप आणि मागे कडक बोर्ड. चार मजबूत क्लिपा. जुनं सुती कापड, स्प्रेची छोटी बाटली, २बी आणि ६बी पेन्सिल, छोटी वही. टोपी, पिण्याचं पाणी वेगळ्या बाटलीत, कचऱ्यासाठी पिशवी. कपडे करड्या किंवा गडद रंगाचे घाला. लाल किंवा पिवळा सदरा घालून उन्हात बसलं की त्याची झळक कागदावर पडते आणि रंगांचा अंदाज बिघडतो. रंगीत छत्रीचंही तसंच. छत्री पांढरी, करडी किंवा काळी हवी.

जागा कशी निवडायची

पोचल्याबरोबर पहिल्या दिसलेल्या छान देखाव्यासमोर बसू नका. पंधरा-वीस मिनिटं रिकाम्या हाताने फिरा. सामान एखाद्या ओळखीच्या माणसाजवळ ठेवलेलं असेल तर उत्तम, कारण पाठीवर ओझं असलं की माणूस बसायची जागा शोधतो, चित्र शोधत नाही.

फिरताना देखणं काय आहे यापेक्षा उजेड आणि सावली कुठे स्वच्छ वेगळ्या झाल्यात ते बघा. एखादी साधी भिंत, तिच्यावर झाडाची तिरकी सावली आणि खाली उन्हाने उजळलेली जमीन, यात पूर्ण चित्र असतं. सगळ्यांना माहीत असलेली भव्य वास्तू दुपारी बाराच्या सपाट उन्हात रंगवायला फार अवघड जाते. सकाळी किंवा दुपार कलल्यावर सूर्य खाली असतो, सावल्या लांब असतात, वस्तूंना गोलाई दिसते. ढगाळ दिवस असेल तर हिरमुसू नका. ढगाळ उजेड तासन्‌तास फारसा बदलत नाही, त्यामुळे नवख्यासाठी तो कितीतरी सोयीचा असतो. कडक सावल्या नसल्या तरी रंगांचे बारीक फरक छान दिसतात.

जाड कागदाच्या तुकड्याला आयताकार खिडकी कापून घ्या, तुमच्या कागदाच्याच प्रमाणात. ती डोळ्यांपुढे धरून पुढे-मागे केली की समोरचा पसारा चौकटीत येतो आणि चित्र आहे की नाही ते लगेच कळतं. खिडकीत तीन-चार मोठे आकार दिसले पाहिजेत. दहा-बारा दिसत असतील तर खिडकी डोळ्यापासून लांब धरा, म्हणजे कमी भाग आत येईल.

मग बसायची जागा. कागद आणि पॅलेट दोन्ही एकाच उजेडात हवीत, आणि शक्यतो सावलीत. कागदावर थेट ऊन पडलं की तो इतका चकाकतो की तुम्ही नकळत सगळं गडद रंगवता. तेच चित्र आत नेऊन भिंतीवर लावलं की काळवंडलेलं दिसतं. नव्या लोकांच्या बाहेरच्या चित्रांत हा दोष सर्रास आढळतो आणि तो हाताचा नसून बसण्याच्या जागेचा असतो. गॉगल लावून रंगवू नका, काच रंग बदलून दाखवते. सावली तासाभराने कुठे सरकेल याचाही विचार करा. पाठ भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लावून बसलात तर लोक मागे गर्दी न करता बाजूने बघतात. आणि वाट अडवू नका. चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडी सहज जाईल एवढी जागा सोडायलाच हवी.

पहिली पंधरा मिनिटं

या पंधरा मिनिटांत रंगाला हात लावायचा नाही. वहीत आगपेटीपेक्षा थोड्या मोठ्या चौकटी आखून त्यात तीनच छटांचं टिपण करा: पांढरा, मधला करडा, गडद. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील विरघळतात आणि मोठे ठोकळे उरतात, तेच भरायचे. एका टिपणाला तीन-चार मिनिटं पुरतात. दोन-तीन करून पहा: एकात क्षितिजरेषा वर, एकात खाली, एक उभं. जे टिपण हातभर लांबून बघितलं तरी कळतं ते घ्या.

आता त्या टिपणात सावल्यांची बाह्यरेषा नीट नोंदवा आणि शेजारी वेळ लिहा. तुमच्या चित्राची वेळ ती. पुढे दोन तास समोर काहीही बदललं, तरी सावल्या या कागदावरूनच घ्यायच्या. हे ऐकायला सोपं आहे, पाळायला कठीण. तासाभराने समोर नवी, जास्त देखणी सावली पडलेली असते आणि हात शिवशिवतो. ती घेतलीत तर चित्रात दोन सूर्य होतात: झाडाची सावली डावीकडे, खांबाची उजवीकडे. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चित्र त्याला पटत नाही.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने हा उजेडाच्या मागे किती लागला होता ते १८९० आणि १८९१ मधल्या त्याच्या गवताच्या गंजींच्या चित्रमालिकेत दिसतं. तो अनेक कॅनव्हास सोबत ठेवी आणि उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून त्या उजेडाचा कॅनव्हास पुढे घेई. आपल्याकडे एक दिवस आणि एखादाच शिक्क्याचा कागद असतो, तेव्हा आपण एक वेळ धरायची. दोन दिवसांचा महोत्सव असेल तर मात्र मोनेचा मार्ग खुला आहे: एक चित्र सकाळचं, एक संध्याकाळचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच त्याच वेळी तिथेच येऊन दोन्ही पुढे न्यायची.

मोबाईल असेल तर जागेचा एक फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा, गडद-फिकट बरोबर ओळखलंय का ते कळतं. फोटोवरून रंग मात्र घेऊ नका. कॅमेऱ्यात सावल्या नुसत्या काळ्या होतात, डोळ्याला त्यात दिसणारा निळा, जांभळा, तपकिरी सगळा हरवतो.

रंग लावताना

पेन्सिलीचं रेखाटन दहा मिनिटांत आटपा. मोठ्या आकारांच्या कडा, सावल्यांच्या कडा, क्षितिजरेषा, बस. खिडक्यांची गजं, पानं, विटा यांना अजून वेळ आहे.

मोठ्या ब्रशने सुरुवात करा आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळा कागद झाका. गडद-फिकटाचा अंदाज बांधायला एक जुना ठोकताळा फार उपयोगी पडतो. मोकळ्या जागी उजेड आकाशातून येतो, म्हणून आकाश बहुधा सगळ्यात उजळ असतं. त्या आकाशाकडे तोंड करून आडवी पसरलेली जमीन त्याखालोखाल. उतार आणि तिरकी छपरं त्याहून गडद. आणि झाडं, भिंती यांसारख्या उभ्या गोष्टी सगळ्यात गडद. अपवाद आहेत, उन्हातली पांढरी भिंत किंवा वाळू हा क्रम मोडते, पण गोंधळ उडाला की हा क्रम आधी तपासायचा.

लांबच्या गोष्टी निळसर आणि फिक्या का दिसतात तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मधल्या हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि तो तुमच्या व डोंगराच्या मध्ये पडद्यासारखा येतो. त्याचा परिणाम गडद भागांवर जास्त होतो. म्हणून लांबच्या झाडाच्या सावलीत काळा घालायचा नाही. तो भाग निळसर राखाडी ठेवायचा आणि कडा मऊ. सगळ्यात गडद डाग जवळच्या वस्तूंसाठी राखून ठेवा.

आता एक सावली जवळून बघू. मातीची पायवाट आहे आणि तिच्यावर मोठ्या झाडाची सावली पडली आहे. उन्हातल्या वाटेचा रंग यलो ऑकर, त्यात थोडा बर्न्ट सिएना आणि भरपूर पाणी, किंवा पांढरा. सावली म्हणून याच्यावर नुसता राखाडी फिरवला तर वाट डागाळलेली दिसते. सावलीतली मातीही मातीच असते, फक्त तिच्यावर सूर्याचा उजेड नसून निळ्या आकाशाचा असतो. म्हणून तोच मातीचा रंग घ्या, पाणी कमी करा आणि त्यात अल्ट्रामरीन मिसळा. मग कडा बघा. बुंध्याजवळ सावलीची कड धारदार आहे, आणि जसजशी ती उंचावरच्या फांद्यांची होत जाते तसतशी कड पसरट, मऊ होते. सूर्य बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे, त्यामुळे सावली पाडणारी वस्तू जेवढी लांब तेवढी कड पुसट. दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर.

त्याच कारणाने पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल किंवा लंबगोल असतात, फटी कितीही वेड्यावाकड्या असल्या तरी. प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. त्यामुळे त्यांना पानांचे किंवा चांदण्यांचे आकार देऊ नका. गोलसर ठेवा, काही एकमेकांत मिसळू द्या, आणि लांब जाणारे जास्त चपटे करा. जलरंगात ते आधीच सोडून ठेवावे लागतात. ॲक्रिलिक आणि तैलरंगात सावलीवर नंतर टिपता येतात, पण अगदी थोडे. नवखा माणूस दहाच्या जागी पन्नास टिपतो आणि वाटेला गोवर आल्यासारखी दिसते.

जलरंगात एक थर ओला असताना त्याच्यात लुडबुड करू नका. ब्रश खाली ठेवा, उठा, दहा पावलं मागे जाऊन चित्र बघा. मागे गेल्याशिवाय चित्र दिसत नाही. जवळून फक्त रंग दिसतो. रंग मळकट व्हायला लागला की बहुतेक वेळा एकाच जागी तिसरा-चौथा हात फिरलेला असतो किंवा धुवायचं पाणी घाण झालेलं असतं. पाणी बदला आणि ती जागा सोडून दुसरीकडे काम करा.

माणसं, चित्रातली आणि पाठीमागची

महोत्सवाच्या चित्रात माणसं हवीतच. त्यांच्याशिवाय मांडव ओसाड दिसतात. घाबरण्यासारखं काही नाही, एक नियम धरला की गर्दी जागेवर बसते. सपाट जमिनीवर तुम्ही उभे राहून काम करत असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, एकाच आडव्या रेषेवर येतात, आणि ती रेषा म्हणजे तुमची क्षितिजरेषा. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. तुम्ही स्टुलावर बसला असाल तर तीच रेषा सगळ्यांच्या कमरेच्या थोडी वरून किंवा छातीतून जाते. लहान मुलं अर्थातच खाली. डोकं लहान काढा. उंचीच्या सातव्या-आठव्या भागाएवढं. अंगाला एकच रंगाचा फटका, पाय खाली निमुळते, त्यांना बूट काढत बसू नका. माणूस चालत जातो म्हणून खंत करायची नाही, दोन मिनिटांत तसाच दुसरा येतो. ओळखू येईल असं कुणाचं चित्र काढायचं असेल तर आधी विचारा, विशेषतः मूल असेल तर सोबतच्या मोठ्यांना.

पाठीमागे लोक उभे राहणार, याची धास्ती बहुतेकांना रंगांपेक्षा जास्त असते. ते परीक्षा घ्यायला आलेले नसतात. कोऱ्या कागदावर काहीतरी उमटताना बघणं हा त्यांच्यासाठी महोत्सवातला मोठा आनंद असतो आणि तुम्ही तो त्यांना देत असता. विचारणाऱ्यांशी बोला, पण थर सुकत असतानाच्या वेळात. ओल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर, काम चालू असेल तर "एवढं करून घेतो, मग बोलू" असं सरळ म्हणा. कुणालाही राग येत नाही. चित्र अर्धवट असताना कुणी हे झाड का नाही काढलं म्हणून विचारलं तर ऐकून घ्या, लगेच झाड काढू नका. तुमचं टिपण ठरलेलं आहे. जवळ सुटे कागद आणि दोन रंगीत पेन्सिली ठेवल्या तर रेंगाळणारं मूल शेजारी बसून स्वतःचं चित्र काढतं, आणि तो तास दोघांचाही छान जातो.

शेजारी बसलेल्या अनुभवी चित्रकारांकडे बघा, मध्यंतरात जाऊन त्यांची पॅलेट बघायची परवानगी मागा. एकाच देखाव्यातून त्यांनी काय गाळलं ते बघण्यात जे शिकायला मिळतं ते कुठल्याही वर्गात मिळणं कठीण. पण स्वतःचं रेखाटन होण्याआधी फिरू नका, नाहीतर त्यांचीच रचना तुमच्या कागदावर उतरेल.

वारा, ऊन, पाऊस

ईझलचे, म्हणजे चित्र टेकवायच्या तिवईचे, पाय पसरून त्याची उंची कमी करा आणि मधोमध सामानाची पिशवी लटकवा. वजनाने ते जागचं हलत नाही. वारा वाढला तर ईझलला लावलेली छत्री आधी मिटा. शिडात भरावा तसा वारा तिच्यात भरतो आणि चित्रासकट सगळं आडवं होतं. कागदाच्या चारही बाजू टेपने पक्क्या करा.

कोरड्या उन्हात ॲक्रिलिक पॅलेटवरच सुकतं. थोडेथोडे रंग काढा आणि अधूनमधून बारीक स्प्रे मारा. दमट हवेत उलट, जलरंगाचा थर सुकता सुकत नाही. अशा वेळी पाणी कमी वापरा आणि दोन ओल्या भागांमध्ये कोरड्या कागदाची बारीक फट सोडा, म्हणजे रंग एकमेकांत पळत नाहीत. पावसाचा थेंब पडला की जलरंग ताबडतोब आडवा करून झाका. पडलेले थेंब कापडाने पुसू नका, टोकाने अलगद टिपा.

ढग येऊन-जाऊन ऊन-सावलीचा खेळ चालला असेल तर उन्हाचं चित्र करताय की ढगाळ, ते ठरवा आणि त्याला धरून रहा. उन्हाचं ठरवलं असेल तर ढग असेपर्यंत आकाश आणि लांबचे भाग करा, ऊन आलं की सावल्यांकडे वळा. आकाशाचीच गोडी लागली तर वेगळ्या छोट्या कागदावर नुसते ढग टिपा. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला अशी ढगांची कितीतरी टिपणं केली आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ती पुढच्या मोठ्या चित्रांसाठीची शिदोरी होती.

थांबणं, जमा करणं, आवरणं

शेवटची पंधरा-वीस मिनिटं राहिली की नवा भाग सुरू करू नका. लांब उभं राहून स्वतःला विचारा, नजर पहिल्यांदा कुठे जाते? ती जिथे जायला हवी तिथे सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ एकमेकांशेजारी आणा, कड धारदार करा. बाकी ठिकाणी एखादी कड ओल्या ब्रशने मऊ केली तरी पुरे. चार-पाच विचारपूर्वक हात, मग सही. कुठे कागद मोकळा राहिला असेल तर राहू द्या. घाईघाईने भरलेला कोपरा दिसतो, मोकळा सोडलेला खटकत नाही.

टेप कागद पूर्ण सुकल्यावरच काढा, हळू, तिरकी ओढत आणि चित्रापासून बाहेरच्या बाजूला. जलरंग दमट असताना काचेच्या फ्रेममध्ये घालू नका. ओल आत कोंडते आणि पुढे बुरशी धरते. जमा करायची वेळ जवळ आली असेल तर कागद सावलीत वाऱ्यावर धरा. चित्राच्या मागे नाव, माध्यम, आकार, जागा आणि वेळ पेन्सिलीने लिहा.

चित्र जमा झालं की जागा जशी होती तशी करून निघायचं. रंगाचं पाणी तळ्यात, झाडाच्या मुळाशी किंवा पावसाच्या गटारात ओतू नका. ॲक्रिलिकच्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण असतात, काही रंगांत जड धातू. झाकणाच्या बाटलीत भरून घरी न्या, गाळ खाली बसू द्या, गाळ पुसून कचऱ्यात टाका. टर्पेंटाइनचंही तेच: स्थिरावू द्यायचं, वरचं स्वच्छ पुन्हा वापरायचं. आणि तैलरंग वापरत असाल तर जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून पिशवीत किंवा गाडीत ठेवू नका. तेल सुकताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा, किंवा बाहेर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा.

ब्रश साबणाने तळहातावर फिरवून धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवे ठेवून वाळू द्या. उभे ठेवले तर पाणी मुठीत उतरतं, आतला डिंक सुटतो आणि पुढच्या वेळी केस चित्रात पडतात.